हंबीरराव सरांचा चितपट

दत्तप्रसादने तोच चित्रपट तिसऱ्यांदा लावला, तेव्हा त्याची बायको कालिंदी तव्यावरची भाकरी तशीच ठेवून बाहेर आली. पडद्यावर बर्फात घोडे दौडत होते आणि टापांच्या आवाजावर एक परदेशी म्हातारा निवांत बोलत होता. चित्रपटात म्हातारा कुठेच दिसत नव्हता.

"ह्यो कोण मधीमधी बोलतोय?"

"दिग्दर्शक हाय त्यो. ह्याला कॉमेंट्री म्हणतात. पुढच्या घोड्याला सर्दी झालती म्हणून शॉट चारदा घ्यावा लागला म्हणतोय."

"आणि घोड्याची सर्दी ऐकायला तुम्ही पिक्चर तिसऱ्यांदा बघताय?" कालिंदी म्हणाली. "मग आमच्या आक्कांनी काय पाप केलंय? त्या तर पहिल्यांदा बघतानाच सगळं सांगतात."

आक्का म्हणजे दत्तप्रसादची आई. पडद्यावर कुणीही आलं की हा कोण, ह्याच्या मनात काय आणि ह्याचं पुढे काय होणार हे त्या मोठ्याने सांगत. त्यांचे अंदाज निम्मे चुकत, पण आवाज कधी कमी होत नसे. आक्का घरात असल्या की शेजारचे लोक टीव्ही बघायला येत नसत.

दत्तप्रसादचं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत लग्नाचं शूटिंग करायचं आणि डिस्क काढून द्यायचं दुकान होतं. परदेशी डिस्कवर चित्रपटाबरोबर हा दुसरा आवाज मिळतो हे कळल्यापासून त्याला साधा चित्रपट अळणी लागू लागला होता. पंगतीत आचाऱ्याने शेजारी येऊन बसावं आणि रश्शात मीठ का जास्त पडलं ते खरं खरं सांगावं, तसं त्याला वाटायचं. दहा जणांना त्याने हे सुख समजावून सांगितलं. दहाही जणांनी मान डोलावली आणि आवाज बंद कसा करायचा ते विचारलं.

त्यामुळे पुण्याच्या एका कंपनीने जुने मराठी चित्रपट डिस्कवर काढायला घेतले आणि त्यांत हंबीरराव सरांचा 'नांगर आणि नथ' निघाला, तेव्हा दत्तप्रसादच हट्टाला पेटला. कंपनीला त्याने कळवलं, कॉमेंट्रीसकट काढू. कंपनी म्हणाली, काढा, आवाजाच्या दोन्ही कॅसेटी तुम्हीच भरून पाठवा.

हंबीरराव सरांनी आयुष्यात एकच चित्रपट काढला, एकोणीसशे सत्तर साली. तो बरोबर एक आठवडा चालला. शेवटचा सहा मिनिटांचा प्रसंग असा होता, की त्यात कुणी एक शब्द बोलत नाही. लोकांना वाटलं, थिएटरचा आवाज गेला. त्यांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या आणि निघून गेले. सातव्या दिवशी चौकातला कुणी टवाळ म्हणाला, "हंबीररावाचा चित्रपट न्हवं, चितपट झाला." ज्या गावात पोर चालायच्या आधी आखाड्यात लोळतं, त्या गावात असा शब्द मरत नाही. सर गारगोटीच्या शाळेत चित्रकला शिकवायला गेले, निवृत्त होऊन परत आले, केस पिकले, पण चौकातून हाक तीच यायची, "काय सर, चितपट!" सर ऐकलं न ऐकलं करून रस्त्याच्या पलीकडे जायचे. छत्तीस वर्षं ते पलीकडून चालत होते.

तो शेवटचा प्रसंग मुका का ठेवला, हे सर भेटेल त्याला सांगत. सांगायला लागले की ऐकणाऱ्याला हटकून दळण आणायचं आठवे. म्हणून कॉमेंट्रीची कल्पना ऐकल्यावर सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"दत्ता, येवढं एकदा नीट सांगता आलं की मी सुटलो बघ," ते म्हणाले.

रेकॉर्डिंगला सर भर मे महिन्यात कोट घालून आले. दुकानामागच्या खोलीत दत्तप्रसादने टीव्ही ठेवला होता, आणि माईक आकारामचा होता. आकाराम म्हणजे लग्नामुंजींना आणि कुस्तीच्या मैदानांना स्पीकर पुरवणारा त्याचा मित्र. चित्रपट सुरू झाला. सर आपलाच चित्रपट कितीतरी वर्षांनी बघत होते, आणि बघतच राहिले. विसाव्या मिनिटाला एका नटीला बघून "अरेरे, ही बिचारी गेली की" एवढं बोलले. त्यानंतर एकदा खोकले. दुसऱ्या दिवशी तर खोकलेही नाहीत. रस्त्यात गाठून माणसाला ऐकवणाऱ्या सरांची माईक समोर आला की दातखीळ बसत होती. सोमवारी पाचच्या गाडीने पुण्याला पार्सल जायचं होतं आणि रविवार उजाडत आला होता.

दत्तप्रसादने आकारामला फोन लावला. सरांना बोलतं करायला कॉमेंट्रीत मुरलेला एखादा माणूस पाहिजे, म्हणाला. आकारामने एकही प्रश्न विचारला नाही. कोल्हापुरात कॉमेंट्री म्हणजे काय, हे विचारायचं असतं होय?

सोमवारी दुपारी बाराला आकाराम एका माणसाला आणून सोडून दुसऱ्या कामाला गेला. माणूस दारात मावत नव्हता. डोक्याला पटका, कान मोडलेले, मिशा पांढऱ्या. सीमेकडच्या एका गावचे बाळाप्पा पैलवान. चाळीस वर्षं कुस्तीच्या मैदानांत त्यांनी माईक धरला होता, आणि लाइट गेली तरी त्यांच्यावाचून काही अडत नसे, असा त्यांचा आवाज होता.

दत्तप्रसादने चाचरत विचारलं, "पैलवान, तुम्ही हा पिक्चर आधी बघितलाय का?"

"न्हाय. कुस्ती तरी आधी कुठं बघितलेली असत्या?"

दत्तप्रसादने खुर्ची पुढे सरकवली. सरांना बघून पैलवान पाया पडले, जोडीला बसले, आणि माईकचा लाल दिवा लागताच चाळीस वर्षांच्या सवयीने सुरू झाले.

"रामराम मंडळी. पुढचे बसून घ्या, मागच्यांना दिसत न्हाय. चपला बाहेर काढा. वस्ताद मंडळींनी पान खाऊन थुकू नये."

सर चमकले. पडद्यावर नायक शेताच्या बांधावरून नायिकेकडे निघाला होता.

"पांढऱ्या सदऱ्यातला गडी पुढं सरकला. पोरगी सावध हाय. खडाखडी चालू. गडी खाली वाकला, पट काढायच्या बेतात हाय, पाय धरला, पाय धरला—"

"अहो, तो पट नाही काढत," सर ताडकन म्हणाले. "तिच्या पायात काटा मोडलाय, तो काढतोय."

"पाय धरलाय का न्हाय?"

"धरलाय, पण प्रेमानं धरलाय. नीट बघा जरा. तो काटा खरा होता. बाई खरंच कळवळल्यात. मी कॅमेरा चालूच ठेवायला लावला, आणि त्यापायी बाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत."

आणि सर सुटले. बाळाप्पांनी सावकाराला भारी वजनाचा गडी म्हटलं, तेव्हा सरांनी तो सावकार मुळात राधानगरीचा दूधवाला होता आणि धारा काढून शूटिंगला यायचा, ते सांगितलं. बैल उधळला तेव्हा बाळाप्पांनी बैलाला विजयी घोषित केलं, आणि सरांनी कॅमेऱ्यासकट आपण कसे उसात पडलो ते सांगितलं. पैलवान चुकीचं बोलायचे, सर चिडून बरोबर बोलायचे. दत्तप्रसाद कोपऱ्यात उभा राहून हात जोडत होता. एवढी चांगली कॉमेंट्री त्याच्या परदेशी डिस्कवरसुद्धा नव्हती.

मग तो शेवटचा प्रसंग आला. लढाईवरून मुलगा परत येणार नाही, हे गावाला कळलंय. आई चुलीपाशी बसून दोन ताटं वाढते. दोन्हींकडे बघत राहते. मग एका ताटातली भाकरी उचलून परत टोपलीत ठेवते आणि दुसरं ताट पुढे ओढते.

"इथं काय सांगू सर?" बाळाप्पा हळू आवाजात म्हणाले. "कोणच कुणाला धरंना."

"काही सांगू नका. बघा," सर म्हणाले.

सहा मिनिटं खोलीत कुणी बोललं नाही. चित्रपट संपला. बाळाप्पांनी नाक ओढलं, माईकजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "चितपट."

सर उठले. कोटाची बाही एका हातात आणि दुसरी लोंबकळत, असे ते दारातून बाहेर पडले. दत्तप्रसाद अनवाणी त्यांच्यामागे धावला. पैलवान परगावचे आहेत, त्यांना गावातली चेष्टा ठाऊकच नाही, असं तो परोपरीने सांगत होता. सरांनी घरापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. दार लावताना एवढंच म्हणाले, "माझ्याच चित्रपटात मला चितपट म्हणवलंस, दत्ता. त्यातला एक शब्द बाहेर गेला, तर तू मला मेलास."

दाराशी दोन तास विनवण्या करून दत्तप्रसाद परत आला तेव्हा बाळाप्पा आपली गाडी पकडून गेले होते आणि यंत्र अजून चालूच होतं. घड्याळात साडेचार झाले होते. पार्सलात दोन कॅसेटी होत्या: एक चित्रपटाच्या मूळ आवाजाची, एक कॉमेंट्रीची. त्याने घाईने चिठ्ठी लिहिली, 'एक नंबरचा आवाज ठेवा, दोन नंबर पुसून टाका,' आणि पार्सल गाडीत टाकलं. चित्रपट एक नंबर आणि कॉमेंट्री दोन नंबर, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. कॅसेटींवर मात्र त्याने ज्या क्रमाने भरायला घेतल्या त्या क्रमाने आकडे टाकले होते, आणि कॉमेंट्रीची आधी भरायला घेतली होती.

पुण्याच्या माणसाने एक नंबर ऐकला. मागे चित्रपटाचा आवाज बारीक चालू आणि पुढे दोन म्हातारे भांडताहेत. कोल्हापूरचा चित्रपट असाच असणार, असं त्याला वाटलं. त्याने दोन नंबर पुसून टाकला.

महिन्याभराने, एका रविवारी संध्याकाळी सहाला, तालमीच्या हॉलात डिस्कचं प्रकाशन ठरलं. कॉमेंट्री काढून टाकलीय, असं दत्तप्रसादने सरांना शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे ते यायला तयार झाले. डिस्कचा खोका पुण्याहून त्याच दुपारी आला. इकडे आकारामने आठवडाभर आसपासच्या खेड्यांत रिक्षा फिरवून पुकारा केला होता, "बाळाप्पा पैलवानांच्या कॉमेंट्रीसह." त्याला कॉमेंट्री रद्द झाल्याचं सांगायचं राहून गेलं होतं. हॉल गच्च भरला, आणि निम्मे लोक कुस्ती आहे म्हणून आले होते. पुढच्या खुर्चीवर सर फेटा बांधून बसले. बायकांच्या बाजूला आक्का आणि कालिंदी.

दत्तप्रसादने डिस्क लावली. स्पीकरमधून आवाज घुमला, "रामराम मंडळी. पुढचे बसून घ्या, मागच्यांना दिसत न्हाय."

पुढचे बसले. मागे दोघा-तिघांनी चपला काढल्या. एकाने तोंडातलं पान गिळलं.

दत्तप्रसादने रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. दुसरा आवाज डिस्कवर असला तर लागणार ना. सर ताठ बसले होते, मान वळवत नव्हते. पण पडद्यावरच्या गड्याने पाय धरला, स्पीकरमधले सर "प्रेमानं धरलाय" म्हणून ओरडले, आणि हॉल असा हसला की भिंतीवरची गदा हलली. लोक पुढे सरकले. सरांचं उत्तर यायच्या आधी एकमेकांना गप्प करू लागले. छत्तीस वर्षांत सरांचं बोलणं ऐकताना कुणाला दळण आठवलं नाही, अशी ही पहिलीच वेळ होती.

दत्तप्रसादला मात्र एकच भीती होती. शेवटी तो शब्द येणार होता, आणि तो भर सभेत येणार होता.

चुलीचा प्रसंग आला. स्पीकरमधून सर म्हणाले, "काही सांगू नका. बघा." हॉल बघू लागला. खुर्ची करकरली नाही. कालिंदीने आक्कांकडे पाहिलं. आक्कांच्या तोंडाला पदर होता.

"आक्का, गप का?" तिने हळूच विचारलं.

"काय बोलायचं त्यात? दिसतंय की सगळं."

पुढच्या खुर्चीतल्या सरांनी ते ऐकलं आणि पहिल्यांदा मान वळवली. जे ते जन्मभर सांगत आले होते, ते म्हातारीने चार शब्दांत सांगून टाकलं होतं.

चित्रपट संपला. स्पीकरमध्ये कुणीतरी नाक ओढलं. "चितपट," बाळाप्पांचा आवाज आला. खुर्चीतले सर उठायला लागले. स्पीकरमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, दार वाजलं, अनवाणी पावलं धावत गेली, आणि डिस्क पुढे चालूच राहिली. सरांनी आणि दत्तप्रसादने जे कधी ऐकलंच नव्हतं, ते आता साऱ्या हॉलाने ऐकलं.

"चितपट. बाळाप्पा चितपट. चाळीस वर्षं मैदानात बोलतोय, कुणी माझं तोंड बंद केलं न्हवतं. ह्या माउलीनं न बोलता माझी पाठ मातीला लावली. कुस्ती निकाली. विजयी, हंबीरराव सर. टाळ्या वाजवा मंडळी. सर, खांद्यावर घेऊ का तुम्हाला? सर? आं, कुठं गेलं म्हणायचं?"

सर अर्धे उठलेले तसेच उभे राहिले. मग मैदानातला नियम सगळ्यांना आठवला. विजयी गड्याला खाली चालू देत नाहीत. तालमीच्या चार गड्यांनी सरांना उचललं, हलगी कुठून आली देव जाणे, आणि सर खांद्यावर बसून, फेटा सुटलेला, रडत आणि हसत चौकापर्यंत गेले. दत्तप्रसाद अनवाणी मागून चालला होता. त्याच्या चपला बाळाप्पांचं ऐकून त्यानेच बाहेर काढल्या होत्या, आणि त्या आता कुणाच्या तरी पायात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दूध आणायला निघाले. चौकातून जुनी हाक आली, "काय सर, चितपट!"

सर रस्त्याच्या पलीकडे गेले नाहीत. थांबले, टोपी सारखी केली.

"व्हय, चितपट," ते म्हणाले. "येत्या रविवारी परत हाय. वेळेवर या, पुढची जागा मिळायची न्हाय. आणि चपला बाहेर काढा."