बंडोपंतांचा कूलर आणि बाजारातली तीनशे बारा झाडं

बंडोपंत वाचनालयातल्या सभेला गेले ते पंख्याखाली बसायला. झाडांशी किंवा नगरपालिकेशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. घरच्या कूलरची मोटर जळली होती, मिस्त्री लग्नाला कळमनुरीला गेला होता, आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता गावात चार पंखे एकाच छताखाली कुठं फिरत असतील तर ते वाचनालयात. पंतांनी मागची खुर्ची धरली आणि डोळे मिटले.

पुढं शेजारची नाहिद बोलत होती. ती कॉलेजात भूगोल शिकवायची. दरवर्षी ऊन वाढून राहिलंय, म्हणून नगरपालिकेनं आठवडी बाजारात तीनशे बारा झाडं लावली, असं कागदावर होतं. नाहिदनं माहितीच्या अधिकारात यादी मागवली आणि पोरींना घेऊन मोजणी केली. झाडं निघाली अकरा. त्यातले दोन विजेचे खांब होते.

सभा संपली. हिंगोलीच्या पेपरचा बातमीदार शंकरसिंग पंतांसमोर येऊन उभा राहिला.

"पंत, तुमी काहून आलात?"

पंत अर्धवट झोपेत होते. "घरचा कूलर बंद आहे."

"बंद? एवढ्या उन्हात? कधीपर्यंत?"

"ते माझ्या हातात आहे का? ज्याचं काम आहे त्यानं केलं की लगेच सुरू." (पंतांच्या डोळ्यांसमोर मिस्त्री होता.)

"आणि त्यांनी न्हाई केलं तर?"

"तर काय, बसायचं असंच! पण मी पाठ सोडणार न्हाई त्याची."

सकाळी पेपरात पंतांचा फोटो. वर ठळक अक्षरं : 'झाडे लागेपर्यंत कूलर बंद! निवृत्त कारकुनाचा निर्धार.'

पंतांच्या पत्नी गंगूताईंनी बातमी दोनदा वाचली. "अहो, तुमचा हा निर्धार कधी झाला? मला तर तुम्ही मिस्त्रीला फोन करायला लावला होता."

"गैरसमज झालाय त्याचा. आत्ता जाऊन सांगतो," म्हणत पंतांनी चप्पल पायात सरकवली, तोच दारात खतीजाबी. ही नाहिदची सासू. आठवडी बाजारात तीस वर्षं बांगड्यांचं दुकान मांडायची. दुकान म्हणजे एक सतरंजी आणि डोक्यावर आभाळ.

"पंत," ती म्हणाली, "मागच्या मे महिन्यात मी बाजारात भोवळ येऊन पडले. बांगड्या फुटल्या त्या फुटल्या, पण नगरपालिकेतलं एक माणूस इचारायला आलं न्हाई. आन तुमी आमच्यासाठी घरात तकलीफ काढून राहिले!" तिनं पदरानं डोळे टिपले.

पंतांनी पायातली चप्पल हळूच काढली. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, त्यातून बाहेर पडलं, "त्यात काय एवढं."

मंगळवारी मिस्त्री आला, मोटर बसवून गेला. आता कूलर ठणठणीत होता आणि पंतांना तो लावता येत नव्हता. ओसरीवर माणसं भेटायला येत. कोणी हार घाली, कोणी पंतांना घाम येतोय हे खात्रीनं बघून जाई. डोक्यावर ओला पंचा घेऊन पंत पापडासारखे वाळत चालले. चौथ्या दिवसापासून मात्र दुपारी सगळं सामसूम झालं की ते आतल्या खोलीत शिरत, दार लावत आणि कूलरसमोर शर्टाची बटणं सोडून उभे राहत.

नवव्या दिवशी पंत असेच उभे असताना बाहेर गाडी थांबली. आंदोलन मिटवायला खुद्द नगरपालिकेचे मुख्याधिकारी! बरोबर नाहिद, खतीजाबी आणि कॅमेरा घेतलेला शंकरसिंग.

"हा आवाज कसला?" साहेबांनी विचारलं.

"घरघंटी," गंगूताई म्हणाल्या. "ज्वारी दळून राहिले."

"तुमी तर इथं उभ्या आहात."

तेवढ्यात दार उघडून पंत बाहेर आले. केस वाऱ्यानं उभे, कपाळ कोरडं आणि अंगाला वाळ्याचा घमघमाट. साहेबांच्या ओठांवर हसू आलं. "व्वा पंत! म्हणजे आंदोलन संपलं म्हणायचं."

पंतांना कधी नव्हे ती स्वतःची लाज वाटली. खाली बघत ते म्हणाले, "साहेब, आंदोलन नव्हतंच. मोटर जळली होती. पण नऊ दिवस ओसरीवर बसून एक कळलं. सावलीत बसूनसुद्धा माझा जीव जातो, रोज तासभर चोरून आत पळतो. ही बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात बसते. तिनं कुठं पळायचं? मी खोटा आहे, हे छापा खुशाल. पण तुमची तीनशे तीन झाडं माझ्याहून खोटी आहेत."

शंकरसिंग भराभरा लिहीत होता. साहेबांचं हसू मावळलं.

नाहिदनं पर्समधून यादी काढली, साहेबांसमोर धरली आणि पेनचं टोपण काढून दिलं. पाऊण तास घासाघीस झाली. शेवटी साहेबांनी लिहून दिलं : जून संपायच्या आत बाजारात चाळीस कडुनिंब-करंज, आठवड्यातून दोनदा टँकरचं पाणी, आणि दर महिन्याला नाहिदच्या मंडळींनी मोजणी करून आकडा बाजारातल्या फळ्यावर लिहायचा.

साहेब गेल्यावर पंत खतीजाबीला म्हणाले, "माफ करा. फसवलं तुमाला."

"कायको माफ?" ती हसली. "मधली भिंत एकच आहे, पंत. पाच-सहा दिवसांपासून तुमची घरघंटी बराबर ऐकू येऊन राहिली. मीच सुनेला म्हटलं, गप बस, साहेब येऊन जाऊ दे."

झाडं लागली. चाळीसच्या चाळीस, नाहिदनं तीनदा मोजली. देखरेखीची समिती झाली. गंगूताई अध्यक्ष, खतीजाबी उपाध्यक्ष. पंतांना वाटलं, निदान सल्लागार तरी करतील. तर जून सरला, पावसानं ओढ दिली, रोपं माना टाकू लागली आणि समितीनं ठराव करून पंतांना दुपारी बारा ते चारची ड्यूटी दिली. आता बाजारात गुडघ्याएवढ्या कडुनिंबाशेजारी पंत छत्री धरून उभे असतात, आणि सतरंजीवरून उपाध्यक्ष ओरडतात,

"पंत, छत्री डोक्यावरून काढा की! रोपाला ऊन लागून राहिलं!"