उतरताना भरणारी गाडी

ज्योतिबाच्या घरासमोर तिसरी गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा आण्णाप्पांनी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि ते इंजिन ऐकू लागले. चाळीस वर्षं लॉरी चालवलेला माणूस. बेळगुंदीत कुणी गाडी घ्यायची म्हटलं की आधी आण्णाप्पांचा तळहात बॉनेटवर पडायचा. अलीकडे मात्र पोरं फोनवरच बघून गाड्या आणू लागली होती. विचारणारा उरला होता एकटा भाचा, ज्योतिबा. त्याला रोज गोव्यात रताळी पोचवायला गाडी हवी होती. इथं आपला शब्द चुकला, तर यापुढं गावात आपल्याला चहाचं विचारतील, गाडीचं नाही, हे आण्णाप्पा ओळखून होते.

आधीच्या दोन गाड्यांचा निकाल लागला होता. डिझेलच्या गाडीला ते म्हणाले होते, "जोर हाय, पर पैलवानाचा खुराक मागत्या." गॅसच्या गाडीला म्हणाले, "हिच्या गॅसच्या रांगेत रताळ्यांना मोड येतील."

आता डोळे मिटूनच त्यांनी विक्रीवाल्या नागेंद्रला हुकूम सोडला, "चालू कर की रं."

"चालूच आहे, आण्णा."

"मग इंजिन कुठं हाय?"

"इंजिनच नाही. ही बॅटरीची. मोटर आहे, खाली, मागच्या चाकांपाशी."

आण्णाप्पांनी तळहात उचलून बघितला, धोतराला पुसला आणि पुन्हा बॉनेटवर ठेवला. तरी काही ऐकू येईना.

"मामा, रोजचा खर्च हिलाच कमी हाय," ज्योतिबाची बायको रूपाली दारातून म्हणाली.

"खर्चाचं तू बघ, घाटाचं मी बघतो. भरा रताळी! चोर्ला घाट दावल्याबिगर निकाल न्हाय."

रताळ्यांची पोती भरली आणि गाडी चालवणाऱ्या नागेंद्रशेजारी बसून आण्णाप्पा निघाले. समोर एक आकडा दिसत होता. बॅटरी शंभरात किती उरली, ते तो सांगे. जांबोटी मागं पडली, घाटमाथ्यावरची कणकुंबी आली, तोवर आकडा साठाच्या खाली घसरला.

"गळती हाय काय रं कुठं?" आण्णाप्पांनी विचारलं.

नागेंद्र नुसता हसला. घाट सुरू झाला, गाडी वळणं घेत खाली निघाली, आणि आण्णाप्पा एकदम पुढं वाकले. सत्तावन्न होते, अठ्ठावन्न झाले. पुढच्या वळणाला एकोणसाठ.

"थांब, थांब! हे वाढतंय!"

"वाढणारच. उतारावर चाकंच मोटर फिरवतात. सायकलचा डायनॅमो असतो ना, तसं. त्यातनं वीज होते, ती बॅटरीत जाते. वजन जास्त, तेवढी जास्त भरते."

 याच घाटात आण्णाप्पांनी आयुष्यभर ब्रेक दाबले होते. ब्रेक तापायचे, जळका वास यायचा, आणि दरीकडं बघत देवाचं नाव घ्यायचं. तो सगळा जोर नुसता वास होऊन वाऱ्यावर गेला होता. आणि हे बेणं तो गोळा करून पोटात घालत होतं! पासष्टचा आकडा दिसला, तेव्हा त्यांनी हळूच हात जोडले.

घाटाखाली, गोव्यातल्या साखळी गावात व्यापाऱ्याकडं रताळी उतरली. नागेंद्र म्हणाला, "इथं गाडी चार्जिंगला लावू, मग निघू."

"इकत कशाला? घाट हाय की आपला!"

"आण्णा, वर चढताना..."

"चल रं, गपगुमान."

गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, असं नागेंद्रला शोरूममध्ये शिकवलं होतं. तो निघाला. कणकुंबीला पोचेपर्यंत आकडा विसावर आला.

"चढायला लागतंय जास्त, उतरताना मिळतंय कमी," तो काकुळतीनं म्हणाला. "आता घरी पोचत नाही आपण."

"तूच म्हनलास न्हवं, वजन जास्त तेवढी जास्त भरत्या? येताना रिकामी हुती, म्हणून उपाशी ऱ्हायली. वजन घालू, खाली जाऊन भरून आणू."

कणकुंबीत महादेव नावाच्या गावकऱ्याच्या दारात जांभ्या दगडाचे चिरे रचलेले होते. ते घाटाखालच्या केरीला, त्याच्या बहिणीच्या घराच्या बांधकामाला जायचे होते.

"फुकट न्हेतो," आण्णाप्पा म्हणाले.

"फुकट? का हो?" महादेव दचकला.

"तुझ्या चिऱ्यांवर आमची गाडी चालत्या."

महादेवनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं, पण चिरे भरले. घाट उतरताना आकडा खरोखरच वाढला. प्रत्येक अंकाला आण्णाप्पा "बघ! बघ!" म्हणत होते आणि नागेंद्र डोळ्यांनी रस्ता, मनानं नोकरी बघत होता. केरीला चिरे उतरले. रिकामी गाडी पुन्हा घाट चढली आणि कणकुंबीची घरं दिसायला लागल्यावर शांतपणे थांबली.

इंजिनात पाणी ओतायच्या लॉरीच्या सवयीनं आण्णाप्पांनी पाण्याचा कॅन उचलला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या. पाणी ओतायला कुठं जागाच सापडेना, तेव्हा ते त्यांनी स्वतःच पिऊन टाकलं.

गावकऱ्यांनी ढकलत गाडी जयाबाईच्या पिठाच्या गिरणीपर्यंत नेली. जयाबाईनं वायर आत घेतली आणि विचारलं, "हिला दळण किती टाकायचं?"

"सकाळपर्यंत पुरंल एवढं," नागेंद्र म्हणाला आणि पायरीवर बसला.

ऊन उतरलं होतं. आण्णाप्पांच्या खिशातला फोन वाजला. ज्योतिबा! आता खरं सांगायचं, की आपल्याला ह्यातलं काही कळत नाही. त्यांनी घसा साफ केला.

"ज्योतिबा, ऐक. ही गाडी..."

"बुक केली, मामा!"

"आं? कुणाला इचारून?"

"तुमालाच की! साखळीच्या व्यापाऱ्याचा फोन आलता. म्हनला, एक रताळं खरचटलं न्हाय, रोज धाडा. आणि रूपाली म्हनली, नापसंत गाडीत मामा घटकाभर बसत न्हाईत. आज सकाळपासनं उतरलं न्हाईत, म्हंजे मामांचा निकाल लागला. चौकात सगळी तेच बोलाय लागल्यात. उद्या शेजारचा देवाप्पा बी येणार हाय तुमच्याकडं, गाडीचं इचारायला."

आण्णाप्पांनी गिरणीकडं पाहिलं. जयाबाईच्या पिठानं पांढरी झालेली गाडी वायर तोंडात धरल्यासारखी उभी होती.

"गाडी लाखात एक हाय," ते म्हणाले. "फकस्त एक ध्यानात ठेव. दिवसातनं घाट एकदाच उतरायचा. दोनदा न्हाय."

"दोनदा कोण येडं उतरंल, मामा?"

"तसं न्हवं रं," आण्णाप्पा म्हणाले, "आपलं सांगून ठेवलं."