एक, तीन, दोन, चार

नवीन पार्ट विकत आणण्याआधी दोष नेमका कुठे आहे, याची खात्री करून घ्यावी, असं तेजरामने ठरवलं. विचार वाईट नव्हता. तेजरामचे विचार सहसा वाईट नसतातच. ते अमलात आणायला तेजराम असतो, एवढीच अडचण असते.

गाडी हायब्रिड होती, म्हणजे पेट्रोलवर चालणारी आणि मन झालं की बॅटरीवर चालणारी. नागपूरच्या एका टॅक्सीवाल्याकडून घेतली तेव्हाच ती तीन लाख किलोमीटर फिरून आलेली होती. "मुरलेली आहे," असं तेजराम सगळ्यांना सांगायचा (लोणच्याबद्दल सांगतात तसं). त्याची बायको रत्नमाला भंडाऱ्याहून वरठीला जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावात शिक्षिका होती आणि तिला रोज शाळेत सोडायला ही गाडी घेतलेली होती.

गेल्या महिन्यापासून मात्र सकाळी इंजिन सुरू झालं की गाडीला हुडहुडी भरायची. अख्खी गाडी थरथरायची, समोरचा पिवळा दिवा लुकलुकायचा आणि रत्नमाला पर्स छातीशी धरून बसायची.

"हे एक दिवस शाळेसमोरच बंद पडन," ती म्हणाली. "मंग माह्या वर्गातले पोरं धक्का मारतीन. या रविवारी ठीक नाही झाली तं काढून टाका."

हे वाक्य तेजरामच्या काळजात रुतलं. तो एका सरकारी कार्यालयात वीस वर्षं लिपिक होता आणि त्यातली अठरा वर्षं त्याला कोणी विचारलं नव्हतं. पण गाडी आल्यापासून तो 'हायब्रिडवाले तेजरामभाऊ' झाला होता. गाडी गेली तर मागे नुसता तेजराम उरणार होता, आणि त्याच्याशी त्याचं स्वतःचंही फारसं पटत नव्हतं.

म्हणून त्याने एक छोटं यंत्र मागवलं. ते स्टेअरिंगखाली खोचलं की गाडी मोबाइलवर आपलं दुखणं सांगते. गाडीने सांगितलं की चार सिलिंडरपैकी दोन नंबरच्यात पेट्रोल नीट पेटत नाही. आता प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर ठिणगी पाडणारी एकेक कॉइल बसलेली असते. बिघाड कॉइलमध्ये आहे की खाली इंजिनातच, हे ओळखायची युक्ती तेजरामने व्हिडिओत पाहिली होती आणि बायकोच्या धंद्यातला दाखला लावून पक्की केली होती. दुसऱ्या बाकावर गडबड होत असेल तर तिथलं पोरगं उचलून तिसऱ्या बाकावर बसवायचं. गडबड तिसऱ्या बाकावर गेली तर पोरगं खोडकर. दुसऱ्यावरच राहिली तर बाकच मोडका.

रविवारी सकाळी त्याने गाडी नीट बंद केली, बॉनेट उघडलं, वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं आणि ऑफिसातून आणलेल्या व्हाइटनरने चारही कॉइलींवर ठसठशीत आकडे घातले. मग दोन नंबरची तीनच्या जागी, तीन नंबरची दोनच्या जागी. बोल्ट आवळले, क्लिपा बसवल्या. एक, तीन, दोन, चार. इतक्यात साहेबांचा फोन आला आणि तो बोलत घरात गेला. एक फाइल कुठे ठेवली आहे हे तेजरामने त्यांना कपाटासकट समजावून सांगितलं, तरी त्यांना सापडेना. तो परत आला तेव्हा इंजिनावर झाकण लागलेलं होतं. आपणच लावलं असणार, असं मानून त्याने बॉनेट बंद केलं (पन्नाशीनंतर स्वतःच्या आठवणीवर एवढा विश्वास ठेवावाच लागतो).

सोमवारी पहाटे तो परीक्षेला बसला. पण बॅटरी भरलेली होती, आणि ती पुरेशी असली की ही गाडी इंजिनाला उठवतच नसे. बॅटरी उतरवायला त्याने एसी लावला, दिवे लावले, काच तापवणारं बटण दाबलं आणि कुडकुडत बसून राहिला.

रत्नमाला बाहेर आली. "अवो, गाडी बंद हाय तं अंदर बसून काय करून राहिले?"

"बंद नाही, चालू हाय. इंजिन बंद हाय."

"मंग तुमी कायले कापून राहिले? गाडी कापाले पाहिजे होती ना."

शेवटी इंजिनाला दया आली. ते सुरू झालं, थरथरलं, आणि मोबाइलवर अक्षरं उमटली. दोन नंबर. पुन्हा दोनच नंबर. बाक मोडका होता.

सकाळच्या हुडहुडीवर इंटरनेटचं मत आधीच वाईट होतं. रात्रभर थंडाव्याचं पाणी इंजिनात झिरपतं, म्हणजे ते अडवणारं गॅस्केट गेलेलं असतं, सगळं इंजिन खोलावं लागतं. तेजराम दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला आपला साळा आठवला.

रत्नमालाचा धाकटा भाऊ अतुल भंडाऱ्यातच राहायचा आणि वरठीच्या कारखान्यात मोटारसायकलने जायचा. गाडीवर त्याचा पहिल्यापासून डोळा होता. बहिणीचा निरोप मिळताच तो संध्याकाळी आला.

"जयभीम भाऊजी. गाडी काढून राहिले म्हणते ताई. काही तकलीप?"

"सकाळी जराशी थंडी वाजते तिले," तेजराम म्हणाला.

"थंडी तं मले बी वाजते," अतुल म्हणाला आणि सौदा झाला. त्याची मोटारसायकल तेजरामकडे, आणि गाडी यंत्रासकट अतुलकडे. वरची रक्कम तेजरामने मोजायच्या आतच रत्नमालाने कपाटात ठेवली.

आठवडाभर तेजरामला झोप लागली नाही. साळा वाटेत अडकल्याची स्वप्नं पडायची. पण विचारलं तेव्हा आपण थंडीचं सांगितलं होतं, असं तो मनाला समजावायचा.

रविवारी अतुल पेढे घेऊन हजर. गाडी फाटकात उभी राहिली तरी आवाज आला नाही.

"एकदम मस्त भाऊजी. कॉइल गेली होती. दोन नंबरची काढून तीनवर टाकली, तं तकलीप तीनवर गेली. नवीन कॉइल टाकली, झालं काम."

"होऊच शकत नाही," तेजराम म्हणाला. "मी सोता पाह्यलं ना बदलून. एक, तीन, दोन, चार. तरी दोनवरच आलं. कॉइल चांगली होती, इंजिनच गेलं होतं."

रत्नमाला चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "म्हणजे ते तुमी मुद्दाम तसं लावलं होतं?"

"तुले कसं माहीत?"

"तुमी फोनवर होते. मी पाह्यलं तं आकडे चुकले. म्हटलं, पहिलीतल्या पोराले बी बरोबर येते. दोनच तं बोल्ट होते. दोन नंबर दोनवर लावली, तीन तीनवर, अन् झाकण लावून देल्लं. तुमाले सांगतलं नाही, उगाच वाईट वाटलं असतं."

अतुलने हातातला पेढा खाली ठेवला.

"थांबा भाऊजी. इंजिन गेलं हे तुमाले माहीत होतं, अन् तरी मले देल्ली?"

"माहीत कुठं होतं," तेजराम म्हणाला. "जे माहीत होतं ते चुकीचंच निघालं ना."

रत्नमालाने नवऱ्यासाठी आणलेला कपही भावापुढे ठेवला. तेजरामला मनापासून लाज वाटली. गाडी गेल्याचं दुःखही झालं. दोन्हींत जास्त काय, हे त्याने तपासलं नाही (तपासणीवरचा त्याचा विश्वास उडाला होता).

सोमवारी सकाळी मोटारसायकलने फाटकापाशी दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. तेजराम खाली बसला. प्लग बदलून बघावा, तर सिलिंडरच एक. अदलाबदल करायला दुसरं काही नव्हतं.

मागून गाडी आली तेव्हा त्याला कळलंही नाही. अतुल कारखान्यात निघाला होता. शाळा वाटेवरच, म्हणून रत्नमाला त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिने काच खाली केली.

"अवो," ती मायेने म्हणाली, "या बारीले आकडे पाहून लावजा."

गाडी आवाज न करता निघून गेली. तेजरामने खिशातून व्हाइटनर काढलं आणि प्लगच्या टोपीवर ठसठशीत 'एक' लिहिलं. हा आकडा तरी घरात कोणी बरोबर करणार नव्हतं.