मायाक्काच्या गळ्यातली घंटी

गुरुवारी डिप्टी साहेब शाळा तपासायला येणार होते आणि त्यांच्यापुढे मायाक्काचं तोंड उघडलं नाही तर तिचं नाव पटावरून निघणार होतं. ईश्वरप्पा मास्तरांनी हे तिच्या बापाला, धुळाप्पाला, सांगितलं तेव्हा मायाक्का शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि अर्थातच काही बोलली नाही.

ती सहा वर्षांची होती. श्रावणात तिच्या आईला सरकारी दवाखान्यात नेलं, त्या दिवसापासून तिनं घराबाहेर शब्द काढला नव्हता. घरातही "भाकर" आणि "पानी" एवढ्यावर ती भागवायची.

"पोरीला धीर द्या," मास्तर म्हणाले.

धीर कसा देतात ते त्यांनी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं; त्यांच्याकडे छडी होती. धुळाप्पाला मात्र ठाऊक होतं. सोलापुरात गिरणीत लागण्याआधी त्याची निम्मी उमर मैंदर्गीच्या माळावर मेंढरांमागे गेली होती. बुजऱ्या कोकराच्या गळ्यात घंटी बांधायची आणि त्याला कळपाच्या पुढे सोडायचं. मागनं मेंढरं येतात, कोकरू मान वर करतं. आठ दिवसांत म्होरकं होतं.

गुरुवारी सकाळी त्यानं मायाक्काच्या गळ्यात पितळी घंटी बांधली आणि पोलक्याच्या आत सोडली.

"धुळ्या, लेकरू हाय ते, मेंढरू न्हाय," त्याची थोरली बहीण गोजाबाई म्हणाली.

"आक्का, भ्या समद्यांचं येकच असतं की."

गोजाबाईनं पोलक्याचं वरचं बटण तेवढं लावून दिलं.

मायाक्का वर्गात हलतच नसे, त्यामुळे घंटी तासभर गप्प राहिली. मग डिप्टी साहेब आले आणि चाळीस मुलांतून त्यांनी नेमकं तिलाच उठवलं.

"बाळ, तुझं नाव काय?"

मायाक्का थरथरू लागली. घंटी वाजू लागली.

शाळा सुटल्याची घंटाही तशीच, हातात धरून हलवायची, पितळीच होती. चाळीस मुलं पाट्यांसकट उठली. शेजारच्या दोन वर्गांनीही फार विचार केला नाही. मायाक्का दाराशीच बसायची. आपण चेंगरू या भीतीनं ती सगळ्यांच्या पुढे पळाली. पळाली म्हणून घंटी आणखी वाजली, आणि वाजली म्हणून पोरं आणखी आली.

"मास्तर, आज सुट्टी कसली?" साहेबांनी विचारलं.

"आपल्या आगमनाची, साहेब," मास्तर म्हणाले आणि पोरांमागे धावले. साहेबही धावले, रिकाम्या वर्गात तपासायचं काय?

फाटकाबाहेर धुळाप्पा गिरणीत खाडा करून उभा होता. "बगा मास्तर! चालली की म्होरं!" असं ओरडत तोही पळू लागला.

कोपऱ्यावर मायाक्कानं मागे वळून पाहिलं. ती डावीकडे वळली, पोरं डावीकडे वळली. ती थांबली, पोरं थांबली. मग ती पळेनाशी झाली आणि मान वर करून चालू लागली. टांगेवाल्यानं घोडं बाजूला घेतलं. चादरीवाल्यानं रस्त्यावरचे गठ्ठे आवरले. त्यांच्या चाळीकडे जाणारी गल्ली आली, तिकडे मात्र ती वळली नाही. सरळ गेली.

धुळाप्पाचं हसू तिथं गेलं.

दवाखान्याच्या पायरीवर दरवान चन्नप्पानं तिला अडवलं.

"ए पोरी, कुटं? येवडी वरात घिऊन?"

"माजी आई आत हाय," मायाक्का खणखणीत आवाजात म्हणाली. "श्रावणात आलीया. तिला बलवा की. लई दीस झालं."

तिच्यामागे शंभर मुलं थांबली होती. मागून साहेब धापा टाकत पोचले.

"चांगली बोलते की, मास्तर," ते म्हणाले. "नाव राहू द्या हिचं."

चन्नप्पानं धुळाप्पाकडे पाहिलं. श्रावणात, चौथ्याच दिवशी, तिच्या आईच्या तिरडीसाठी मागचं दार चन्नप्पानंच उघडून दिलं होतं. घरी परतून धुळाप्पानं पोरीला सांगितलं होतं, आई बरी हुतीया. त्याला आता सहा महिने होत आले होते, आणि रोज तो उद्या खरं सांगायचं ठरवत होता.

"आप्पा, तू सांग ह्यास्नी."

धुळाप्पा पायरीवर बसला. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. मायाक्कानं जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"भिऊ नगं, आप्पा. म्या हाय की. जोरात सांग."

धुळाप्पानं सांगितलं. जोरात मात्र जमलं नाही.