शेजारच्या सीटचा ब्रेक

ही गोष्ट लिहायची नाही असं जवळपास ठरलंच होतं. हिच्यात एक शब्द अडकलाय. पण तो शब्द मास्तरनं दिला होता, लिहिणाऱ्यानं नाही. एवढी फट पुरली.

मास्तर म्हणजे सत्तावीस वर्षांचा, सडपातळ, शर्टाला कायम कडक इस्त्री. वडिलांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो, म्हणून अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणते. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा घाबरून भलतंच काही करायला लागला की मास्तरनं तो दाबायचा. कॉलेज संपल्यापासून मास्तर त्याच सीटवर बसून तोच ब्रेक दाबत आलेला.

एके दिवशी सिग्नलला गाडी थांबली असताना शिकायला येणाऱ्या नर्सबाईंनी विचारलं, "मास्तर, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा की."

"तुम्हाला गाडी येते का हो?"

मास्तर हसला. "म्हणजे काय?"

"नाही, सहज. तुम्हाला चालवताना कधी पाहिलंच नाही. सकाळी तुमचे बाबा गाडी आणतात, दिवसभर आम्ही चालवतो, संध्याकाळी शेवटचा जो असेल तो तुम्हाला दारात सोडतो."

सिग्नल सुटला, बाईंनी गाडी बंद पाडली, मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि विषय तिथेच राहिला. मास्तरच्या डोक्यातून मात्र तो जाईना. आपण शेवटची गाडी चालवली कधी? मावसबहिणीच्या लग्नात? नाही, तेव्हा काका चालवत होते, आपण शेजारी बसून "आरसा बघा, आरसा बघा" करत होतो. लायसन्सच्या परीक्षेला चालवली होती, एवढं नक्की. त्यानंतरचं काही आठवेना.

त्यात बाबांनी स्कूलची नवी पाटी रंगवायला दिलेली. वर स्कूलचं नाव, खाली "मुख्य प्रशिक्षक" आणि त्याच्याखाली मास्तरचं नाव. पाटी सोमवारी लागणार होती. आपल्याला गाडी येते की नाही हे निदान त्याआधी कळावं, असं मास्तरला फार वाटायला लागलं.

आता असल्या गोष्टी विचारणार कुणाला? नट्याला. नट्या म्हणजे मास्तरचा शाळेपासूनचा दोस्त, टायरच्या दुकानात कामाला. हाताला, कपाळाला, बुटांना कायम काळं लागलेलं. रविवारी तो एका कार क्लबात जायचा आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत त्याबद्दल बोलायचा.

"ऑटोक्रॉसला ये," नट्या म्हणाला. "मोकळ्या जागेत प्लास्टिकचे कोन मांडतात. त्यांच्यातून एकेकानं गाडी काढायची. शर्यत फक्त घड्याळाशी. समोर दुसरी गाडीच नाही, म्हणजे आपटायचा प्रश्न नाही. कोन पडला तर वेळेत दंड, बास. येत्या रविवारी सराव आहे, कुणीही यावं, घरची गाडी चालते."

"शिकवणीची चालेल?"

"चार चाकं आहेत ना तिला?"

रविवारी सकाळी मास्तर बाबांना म्हणाला, "रिव्हर्सची प्रॅक्टिस घ्यायची आहे, मैदानावर नेतो गाडी." हे अगदीच खोटं नव्हतं. मागे जायची वेळ येऊ शकत होती.

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "आरसे पुसून ने."

सराव होता एका बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात. तिथवर गाडी रविवारच्या शिकवणीवाल्यानंच आणली आणि तो रिक्षानं घरी गेला. सिमेंटचं भलंमोठं अंगण, त्यावर नारिंगी कोनांची नागमोडी वाट. क्लबचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते. शिस्तीचा माणूस. कुठे काही लिहिलेलं दिसलं की ते पाळल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. गाडी तपासायची कामगिरी त्यांच्याकडेच.

"उघडा," ते बॉनेटकडे बघून म्हणाले. "अजून थोडं. हं. आता बंद करा." मग टपावरची स्कूलची पाटी दोन्ही हातांनी धरून त्यांनी हलवून बघितली. "सुट्टं काही गाडीत ठेवायचं नाही असा नियम आहे. ही मात्र हलत नाही. मुळं पक्की आहेत, राहू द्या." मग आत डोकावले. "हे काय? दोन ब्रेक?"

"शिकवणीची आहे ना, म्हणून."

"हं. नवीन माणसाशेजारी कुणीतरी अनुभवी माणूस बसतो. त्यानं पाय लांब ठेवावेत." मग त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि मागच्या काचेपाशी थांबले. तिथे लिहिलं होतं, "ही गाडी नीट चालवली जात नसेल तर कळवा", आणि खाली फोन नंबर. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

नट्यानं मास्तरला वाटेवरून पायी फिरवलं. "इथे आधी ब्रेक, मग वळायचं, मग गॅस. नजर पुढच्या कोनावर. जिकडे बघशील तिकडे गाडी जाते. इथे सगळे घाईत वळतात आणि पुढे मार खातात."

मास्तर ऐकत राहिला. येणारे जाणारे लोकही थांबून ऐकत होते. एकानं तर विचारलं, "नट्याभाऊ, माझं पुढचं टायर बाहेरून झिजतंय, काय करू?" नट्या म्हणाला, "स्टिअरिंगशी भांडू नका." तो माणूस धन्य होऊन गेला.

"तू स्वतः किती वेळात काढतोस हे?" मास्तरनं विचारलं.

"मी? आज माझी कोन उचलायची ड्यूटी आहे."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी सगळ्यांची हवा बघायची होती. चल, नंबर लागेल आपला."

शेजारी कोण बसणार हे विचारल्यावर नट्यानं दोघातिघांची नावं पुढे केली, पण डॉक्टर म्हणाले, "मित्र तुमचा, तुम्हीच बसा." नट्यानं हेल्मेट घातलं आणि त्याचा पट्टा लावायला एवढा वेळ घेतला की मागच्यानं हॉर्न दिला.

झेंडा खाली आला. मास्तरनं सीट एक खाच पुढे घेतली. आतला आरसा बघितला. बाहेरचे दोन्ही बघितले. "पट्टा, आरसा, क्लच, गिअर," असं मोठ्यानं म्हणत हँडब्रेक सोडला, इंडिकेटर दिला आणि निघाला. प्रत्येक कोनाला इंडिकेटर. आंधळं वळण वाटलं तिथे हलकासा हॉर्न. शेवटच्या चौकोनात गाडी अशी थांबवली की किल्लीचा छल्लासुद्धा हलला नाही. वेळ मोजणाऱ्या मुलीनं तोपर्यंत खुर्ची मागवून घेतली होती.

डॉक्टर आले. "एकही कोन पडला नाही. अभिनंदन. पण मधल्या एका कोनासाठी तुम्ही थांबलात."

"तो उजवीकडून येत होता," मास्तर बोलून गेला, आणि बोलल्यावर त्यालाच कळेना की आपण काय बोललो.

दुसऱ्या फेरीला मात्र त्यानं ठरवलं. आता आरसे नाहीत, इंडिकेटर नाही. नुसतं चालवायचं. कसं वाटतं ते तरी बघू. झेंडा पडला आणि त्यानं गॅस दाबला. इंजिननं असा आवाज काढला की तो आपल्याच गाडीचा यावर त्याचा विश्वास बसेना. पहिलं वळण आलं, आणि गाडीला कच्चकन ब्रेक लागला. पुन्हा गॅस. दुसरं वळण, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या वळणावर तर ब्रेक असा लागला की गाडी आडवी झाली, चार कोन पोटाखाली गेले आणि इंजिन बंद पडलं.

"ब्रेक कुणी मारला?" मास्तरनं धापा टाकत विचारलं.

नट्या समोर बघत म्हणाला, "लागला."

लागला. मास्तरला सगळं लख्ख दिसलं. इतकी वर्षं ब्रेक दाबून दाबून आता आपला पाय आपल्यालाही विचारत नाही. कुठेही बसवा, ब्रेकच मारणार. नर्सबाईंचं बरोबर होतं. तो खाली उतरला आणि कडेला रचलेल्या जुन्या टायरांवर जाऊन बसला. उद्या पाटी लागणार. "मुख्य प्रशिक्षक." खरं तर तिथे "मुख्य ब्रेक" लिहायला हवं.

"गाडी बाजूला घ्या, पुढची येतेय," डॉक्टर नट्याला म्हणाले.

नट्यानं चार माणसं गोळा केली आणि ढकलायला लावली.

"अरे, चालू करून घे ना," एकानं म्हटलं.

"नको, इंजिनला जरा श्वास घेऊ दे," नट्या म्हणाला. नट्यानं सांगितलं म्हणजे काही कारण असणारच. चौघांनी मुकाट्यानं ढकलली.

इकडे डॉक्टरांनी खिशातून फोन काढला. काचेवर लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं पाळायचं असतं.

"हॅलो, ड्रायव्हिंग स्कूल का? तुमच्या गाडीबद्दल तक्रार आहे."

"बोला," पलीकडून बाबा म्हणाले. "वेगात गेली?"

"नाही हो. एका फेरीत फार हळू गेली आणि दुसरीत मध्येच थांबली."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. स्कूल काढल्यापासून अशी तक्रार पहिल्यांदाच येत होती. तसं बघितलं तर कौतुकच. मग त्यांनी विचारलं, "फेरी? कसली फेरी? तुम्ही आहात कुठे?"

थोड्याच वेळात बाबा स्कूटरवरून आले. मास्तर टायरांवरून उठून उभा राहिला. आता काय काय ऐकावं लागणार याची तो मनात उजळणी करत होता. बाबांनी गाडीला एक फेरी घातली, पोटाखाली अडकलेला कोन ओढून काढला आणि डॉक्टरांच्या हातात दिला.

"आरसे पुसलेत," ते म्हणाले. "बरं."

"बाबा, ती पाटी परत करा."

"का?"

"मला गाडी येत नाही. मला फक्त ब्रेक येतो. तिकडे बसलो तरी ब्रेक, इकडे बसलो तरी ब्रेक."

बाबांनी शेजारचं दार उघडलं आणि खाली वाकले. दुसऱ्या ब्रेकवरचं रबर त्यांनी याच आठवड्यात बदललं होतं, करडं, कोरं. त्यावर बुटाच्या तळाचा ठसा उमटला होता. काळाकुट्ट. बाबांनी आधी मास्तरच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे बघितलं. मग नट्याच्या बुटांकडे. नट्या आकाशात काहीतरी शोधत होता.

"बस चालवायला," बाबा म्हणाले. "मी बसतो शेजारी."

"पण बाबा, ब्रेक..."

बाबा सीटवर बसले, चपला काढून मागे टाकल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घातली. मग त्यावरून पट्टा लावला. "आता बघू कोण मारतो ब्रेक."

डॉक्टर धावत आले. "असं बसता येणार नाही."

"नियमात लिहिलंय?"

डॉक्टरांनी नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "मांडीबद्दल काही नाही," ते दुःखानं म्हणाले. "पण सुट्टं काही चालत नाही. त्या चपला द्या." आणि चपला हातात घेऊन ते बाजूला झाले.

झेंडा पडला. मास्तरनं गॅस दाबला. पहिलं वळण आलं. तो वाट बघत होता कच्चकन ब्रेक लागायची. लागला नाही. मग त्यानं स्वतःच, हवा तेवढा, मारला. गाडी दबली, वळली आणि पुढच्या कोनाकडे निघाली. जिकडे बघत होता तिकडे जात होती. शेजारी बाबा एका हातानं वरचं हँडल धरून डुलत होते आणि सवयीनं पुटपुटत होते, "आरसा... आरसा... राहू दे आरसा." तिसऱ्या वळणावर एक कोन उडाला, पुढे आणखी एक. एखाद्याला बक्षीस मिळाल्यावर होईल तसा मास्तरचा चेहरा झाला.

दंड धरून त्याचा नंबर शेवटून तिसरा लागला.

"येते तुला," बाबा खाली उतरून म्हणाले. "फार नाही, पण येते. पाटी राहू दे." डॉक्टरांकडून चपला घेऊन ते स्कूटरपाशी गेले, आणि जाता जाता मास्तरच्या कानाशी एवढंच म्हणाले, "ब्रेकवरचं काळं पुसून घे. आणि ब्रेकवर इतका घट्ट पाय कोण दाबतं ते तुला शिकवायला नको."

मास्तरला शिकवायला नकोच होतं. आठवड्याला तो शिकाऊंचे असे डझनभर पाय बघायचा.

कोन गोळा झाले, लोक पांगले. नट्या एकटाच कोनांची चळत पुन्हा पुन्हा सरळ करत होता. मास्तर जाऊन शेजारी उभा राहिला.

"नट्या, ब्रेक तू मारलास."

"भीती वाटली रे."

"मग मला तसं का नाही म्हणालास? मी तिकडे टायरांवर बसून स्वतःला शिव्या घालत होतो."

"म्हणालो असतो तर तू विचारलं असतंस, भीती का वाटली."

"का वाटली?"

नट्यानं इकडेतिकडे बघितलं. "मला गाडी येत नाही."

मास्तर बघतच राहिला. "अरे, सगळा क्लब तुला विचारून वळतो."

"पहिल्या दिवशी मी फक्त टायर द्यायला आलो होतो. कुणीतरी काहीतरी विचारलं, मी सांगितलं. येते का असं कुणी विचारलंच नाही. मग ते सांगायची वेळ निघून गेली. आता काय सांगू?"

"पण तुला कळतं कसं एवढं?"

"टायर उतरवले की दिसतं, कोण कुठे घाबरला ते," नट्या म्हणाला. मग वरचा कोन उचलून परत ठेवत, "माझे टायर कसे दिसतील, हे बघायचं आहे मला कधीतरी."

मास्तरला सकाळी स्वतःला काय वाटत होतं ते आठवलं. त्यानं गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या बाजूचं.

"आज नको," नट्या दचकून म्हणाला. "डॉक्टर अजून आहेत."

"मग उद्या सकाळी ये. दुकान उघडायच्या आधी, इथेच. मी शेजारी बसतो."

"कुणाला सांगशील का?"

"नाही."

"बाबांना?"

"त्यांना कळलंय. ते बोलणार नाहीत."

नट्या गाडीच्या मागे गेला, काचेसमोर उभं राहून बराच वेळ वाचत राहिला. "मास्तर, आणि हे? उद्या कुणी फोन केला तर?"

"चिकटपट्टी आणतो," मास्तर म्हणाला. "तुला येईपर्यंत तो नंबर कुणाला दिसणार नाही. शब्द देतो."