संजनाच्या लग्नातलं काळं तेल

रंगनाथराव गांगुर्डे यांनी आयुष्यात कुठलीही वस्तू टाकून दिलेली नाही. सातपूरच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर. तिथे गंजलेला नटसुद्धा ‘लागेल कधीतरी’ म्हणून जपायचा असतो, आणि ही सवय त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आली होती. त्यामुळे आपल्या जुन्या डिझेल जीपचं ऑइल त्यांनी स्वतः बदललं तेव्हा निघालेलं काळंभोर तेल कॅनमध्ये भरून बाल्कनीत आलं आणि छायाताईंच्या मोगऱ्याशेजारी ऐटीत बसलं.

“हा कॅन उद्या इथे दिसला, तर त्याच्यासोबत तुम्हीही खाली जाल,” छायाताई म्हणाल्या. त्या शाळेत शिकवतात. त्यांचं वाक्य एकदाच येतं.

कॅन टाकवेना आणि ठेवता येईना. अशा पेचात माणूस करतो तेच रंगनाथरावांनी केलं. मोबाइल उघडला. त्यातला एक दाढीवाला गृहस्थ छातीठोकपणे सांगत होता की जुनं इंजिन ऑइल गाळून डिझेलमध्ये मिसळा, आतून वंगण मिळतं, गाडी लोण्यासारखी पळते. (पुढे तो असंही म्हणाला की अगदी थोडंच घाला, फार बारीक गाळा, नाहीतर धूर होतो आणि फिल्टर तुंबतो, खरं म्हणजे घालूच नका. पण तोवर रंगनाथराव फडकं शोधायला उठले होते.)

फडकं सापडलं. चक्का टांगायचं होतं, पण विणीला घट्ट होतं.

“तेल गाळताय का हो?” छायाताईंनी आतून विचारलं. त्यांच्या मनात कढईतलं पुऱ्यांचं तेल.

“गाळतोय.”

“फार काळं झालंय का?”

“काळं आहे, पण जोर आहे अजून त्यात.”

“मग टाकू नका. उद्या लग्नाला निघताना कामाला येईल.”

“उद्यासाठीच तर चाललंय!” रंगनाथराव खूश झाले. त्यांच्या प्रयोगाला घरातून इतका चटकन पाठिंबा कधी मिळाला नव्हता.

उद्याचं लग्न होतं संजनाचं. संजना म्हणजे छायाताईंच्या बहिणीची, मोहिनीची, एकुलती एक लेक. लग्न बौद्ध पद्धतीचं, चांदवडला, मुलाकडच्यांच्या गावी. धनराजभाऊंनी, म्हणजे संजनाच्या वडिलांनी, नवरीसाठी फुलांनी सजवलेली गाडी ठरवली होती, पण रंगनाथरावांनी ती परस्पर रद्द करून टाकली. “साडूभाऊ, पोरगी माझ्याच जीपमध्ये बसायला शिकली. जाईल तर माझ्याच जीपमधून!” एवढ्या प्रेमापुढे धनराजभाऊ काय बोलणार?

सकाळी रंगनाथरावांनी डिझेल भरलं आणि वरून कॅन रिकामा केला. अख्खा. आता ‘थोडं’ म्हणजे किती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

जीपमध्ये पांढऱ्याशुभ्र साडीतली संजना, तशाच साडीत छायाताई आणि स्टिअरिंगवर पांढऱ्या सदऱ्यातले रंगनाथराव. मागे मोटारसायकलवर धनराजभाऊ, कारण मुलीची गाडी त्यांना नजरेआड होऊ द्यायची नव्हती. त्यांनी तर या दिवसासाठी खास सदरा शिवून घेतला होता, बगळ्याने लाजावं असा. त्यांच्या मागे वऱ्हाडाची बस.

ओझरपर्यंत जीप खरंच लोण्यासारखी पळाली. मग आरशातून आधी बस नाहीशी झाली, मग हायवे, आणि मग मागे राहिलेला सगळा नाशिक जिल्हा.

“काका, मागे काही पेटलंय का?” संजनाने विचारलं.

“धुकं असेल.”

“मे महिन्यात?” छायाताई म्हणाल्या.

तेवढ्यात खिडक्या गच्च लावलेली बस शेजारून जोरात पुढे गेली. ड्रायव्हर हात बाहेर काढून काहीतरी ओरडत होता. रंगनाथरावांनीही हसून हात हलवला. मागून हॉर्न मात्र थांबेना.

“भाऊजी एवढा हॉर्न का वाजवतायत?”

“आनंद गं. एकुलती एक मुलगी आहे.”

वडाळीभोईच्या पुढे जीपला दोन उचक्या लागल्या आणि ती गप झाली. मागचा धूर हळूहळू विरळ होत गेला, आणि त्यातून एक आकृती मोटारसायकल ढकलत आली. तिने गॉगल काढला तेव्हा डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल दिसले, त्यावरून ते धनराजभाऊ असल्याचं ओळखू आलं.

“साडूभाऊ,” ते खोकत म्हणाले, “काय घातलंय यात?”

“जुनं ऑइल. छायाला विचारूनच घातलं. तीच म्हणाली, टाकू नका, लग्नाला निघताना कामाला येईल.”

“अहो, मी पुऱ्यांच्या तेलाचं म्हणाले!” छायाताई ओरडल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “गाळलं कशातून?”

रंगनाथराव हायवेकडे बघत राहिले. छायाताईंना उत्तर मिळालं. त्यानंतर त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मुहूर्ताची भानगड नव्हती. पण भंतेजींना पुढे आणखी एका लग्नाला जायचं होतं, आणि ते काही थांबणार नव्हते. संजनाचे डोळे भरायला लागले तशी कांद्याच्या गोण्या भरलेली एक पिकअप थांबली. कोंडाजी नावाचे एक म्हातारे शेतकरी ती स्वतःच चालवत होते.

“बस, ताई,” ते दार उघडत म्हणाले. “कांदा हाय, डोळ्याला पानी येईल. पन लग्नात तसं बी येतंच.”

संजना रडता रडता हसली. ती आणि छायाताई पुढे बसल्या, रंगनाथराव मागे गोण्यांवर. धनराजभाऊ मोटारसायकलवर, पण या वेळी बरंच अंतर राखून.

हॉलच्या दारात नवरदेवाची आत्या पुतळाबाई फुलं घेऊन उभी होती. तिने गोण्यांवरून उतरलेल्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं.

“या व्याही, या! पोरीच्या बापाला लय तरास झाला बाई!” म्हणत तिने फुलं रंगनाथरावांच्या हातात दिली. मग धनराजभाऊंकडे वळली. “मेस्तरी, तुमी मागच्या नळावर हातपाय धुवा. जेवन मिळंल.”

धनराजभाऊंनी तोंड उघडलं, पण शब्दांऐवजी धुराचा खोकलाच आला. ते खोकत खोकत नळाकडे चालू लागले. लेकीच्या लग्नात बाप मागच्या दाराने जाताना रंगनाथरावांनी पाहिला. हातातली फुलं पुतळाबाईला परत देऊन ते मागे धावले. नळापाशी पोचेपर्यंत त्यांनी सदऱ्याची बटणं काढलीसुद्धा.

“हा घाला.”

“आणि तुम्ही?”

“तुमचा द्या इकडे.”

“अहो, तो तेलाने बरबटलाय…”

“माझंच आहे ना तेल?”

धनराजभाऊ अंगाने भरलेले. सदऱ्याचं मधलं बटण काही केल्या लागेना. बसने आधीच पोचलेल्या मोहिनीताईंनी तिथे पिन टोचली. पण धनराजभाऊ पुढच्या दाराने आत गेले. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं उधळली गेली, आणि दोन्ही घरं एक झाली. हे सगळं रंगनाथरावांनी शेवटच्या खांबाआडून पाहिलं. गर्दीत त्यांच्या आजूबाजूला मात्र ऐसपैस जागा होती.

“काका कुठेत?” स्टेजवरून संजनाचा आवाज आला. “ते आल्याशिवाय फोटो काढायचा नाही!”

रंगनाथराव मान खाली घालून वर गेले. छायाताई येऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या काळ्या सदऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“अगं, हात काळा होईल.”

“धुता येतो,” छायाताई म्हणाल्या. वडाळीभोईनंतरचे त्यांचे हे पहिले शब्द.

पुढे अल्बम आला. फोटो झकास होता. पांढऱ्याशुभ्र माणसांची रांग, मधोमध नवरा-नवरी. फक्त छायाताई आणि धनराजभाऊ यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा. धनराजभाऊंनी फोटोग्राफरला फोन लावला.

“साहेब, तिथे भला मोठा काळा डाग आला होता,” तो अभिमानाने म्हणाला. “फार मेहनतीने काढलाय.”

छायाताईंनी तो फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. त्यात त्यांचा हात तसाच अधांतरी आहे, कुणाच्या तरी खांद्यावर प्रेमाने ठेवल्यासारखा.

“लावलास कशाला?” रंगनाथराव म्हणाले. “मी तर यात नाहीच.”

“असू दे,” छायाताई फ्रेम सरळ करत म्हणाल्या. “एवढ्या वर्षांत हा एकच फोटो आहे, ज्यात तुमचे डोळे मिटलेले नाहीत.”