घोंगडीवाल्याचा आवाज

"भाऊजी, थोरल्यांना तो पिक्चर बघायचाय," बाळाबाईनं सुलेमानला फोनवर सांगितलं.

थोरले म्हणजे दिनानाथ, बाळाबाईचा नवरा बाबासो याचे मोठे भाऊ. बाबासोच्या वर्षश्राद्धाला ते साताऱ्याकडची माणसं घेऊन बेलापूरला यायचे होते. बाबासो सुट्टीत गावी गेला की पारावर बसून हा एकच पिक्चर तिखटमीठ लावून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "एकदा बेलापूरला या, दावतो." ते काही त्याच्या हयातीत जमलं नाही.

"दावू की, वहिनी," सुलेमान म्हणाला. पण फोन ठेवून तो तिथंच उभा राहिलेला पाहून त्याची बायको आबिदा बाहेर आली.

"काय झालं?"

"त्यांना पिक्चर बघायचाय. आन् त्या पिक्चरला आवाजच नाय."

सुलेमान न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला. कंटेनर सोडवायचे म्हणून दिवसभर आरडाओरडा. बाबासो बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत शिपाई. साहेब आला की उभा, साहेब गेला की उभा. इटलीवाल्यांनी काढलेल्या काउबॉय पिक्चरचं दोघांना तरुणपणापासून वेड. त्यांची ओळखच मुंबईच्या एका टॉकीजमध्ये, असल्याच एका पिक्चरच्या मध्यंतरात झालेली. बाबासोला त्यातला घोंगडी पांघरलेला, दाढी वाढलेला हिरो आवडायचा, कारण तो कुणासाठी उठून उभा राहत नसे. सुलेमानला काळ्या टोपीचा व्हिलन आवडायचा. तो बोलायच्या आधी घटकाभर नुसता बघायचा, आणि तेवढ्यानं अख्खं गाव गप्प बसायचं.

पुढं बाबासोच्या घरी व्हीसीआर आला आणि रविवार दुपार ठरून गेली. कॅसेट तीच, चहा तोच. बघून बघून आतल्या टेपची एक कड चुरगळली आणि आवाज गेला, चित्र तेवढं राहिलं. दोघांना त्याचं फारसं दुःख झालं नाही. इंग्रजी तसंही कळत नव्हतंच. व्हिलनचे ओठ हलले की सुलेमान दरडावायचा, "या गावात पाणी पायजे तर आधी मला विचारायचं!" मग घोंगडीवाला तोंडातली काडी बाजूला करायचा, आणि बाबासो शांतपणे म्हणायचा, "पाणी काय तुझ्या बापानं पाडलं व्हय रं?"

अशी कित्येक वर्षं गेली. गेल्या वर्षी कचेरीच्या जिन्यावर बाबासो जरा टेकला. साहेब समोरून आला तरी तो उठला नाही, तेव्हा लोकांना कळलं.

त्यानंतर सुलेमान त्या घरी गेला नव्हता. निघायचा, कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत पोचायचा आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परतायचा.

आता मात्र आवाजाची कॅसेट शोधणं भाग होतं. स्टेशनजवळ शिवाची व्हिडिओ लायब्ररी होती. सुलेमान गेला तर तिथं काचेचा एसटीडी बूथ झालेला.

"काउबॉय?" शिवा हसला. "चाचा, केबलवर दिवसभर ढिशूमढिशूम चालू असतं. हे कोन बघतंय आता?" तरी त्यानं पोत्यात हात घालून एक कॅसेट काढली. वर टोपीवाला, घोडा, सगळं बरोबर. "घेऊन जा तुमालाच. परत आनू नका म्हंजे झालं."

श्राद्धाच्या दिवशी बाळाबाईचा छोटा हॉल माणसांनी भरून गेला होता. पंगती उठल्या. भटजींनीही, "पाहू तरी काय आहे ते," म्हणून बूड हलवलं नाही. दिनानाथ सगळ्यांत पुढं, टीव्हीला जवळजवळ गुडघे लावून खुर्चीत बसले. भिंतीवर हार घातलेला बाबासोचा फोटो होता. सुलेमाननं तिकडं न बघता कॅसेट आत सरकवली.

पडद्यावर एक बाई झोपाळ्यावर बसलेली दिसली. हिरवी साडी, अंगभर फुलांचे दागिने. पाच-सहा बाया तिची ओटी भरत होत्या. खोका काउबॉयचा होता, आतलं डोहाळजेवण कुणाचं होतं देव जाणे.

"हिरॉईन वाटतं," दिनानाथ मान डोलावत म्हणाले. "गोळीबार कवा सुरू हुतो?"

भटजींनी श्राद्धाच्या दिवशी डोहाळजेवण पाहावं की नाही अशा विचारात एक डोळा मिटला. सुलेमाननं घाईनं बटण दाबलं. मशीन घरघरलं, कण्हलं आणि त्यानं कॅसेट अर्धीच बाहेर टाकली. टेप आत अडकून बसली होती. ती ओढावी तितकी लांबत गेली. कुणी कात्री आणली, कुणी टीव्हीला चापट मारली, एकानं गच्चीवर जाऊन अँटेनाच फिरवला. शेवटी त्या अनोळखी बाईची ओटी कात्रीनं सोडवून सुलेमान घाम पुसत उभा राहिला, तेव्हा बाळाबाईनं कपाटातून जुनी कॅसेट आणून त्याच्या हातात दिली.

"वहिनी, ही मुकी हाय," तो कुजबुजला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पिक्चर सुरू झाला. माळ, धूळ, माश्या. घोंगडीवाला लांबून येताना दिसला. "हां, हेच सांगायचा बाबासो! आमच्या माण तालुक्यासारखाच मुलूख दिसतोय," दिनानाथ खूश झाले. "आवाज वाढवा की जरा."

सुलेमाननं आवाज वाढवल्यासारखं केलं आणि गुपचूप सगळ्यांच्या मागं, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसला. पडद्यावर काळी टोपी वर झाली. ओठ हलले. सुलेमाननं घसा खाकरला.

"या गावात पाणी पायजे तर आधी मला विचारायचं!"

"आला, आला आवाज!" पुढून कुणीतरी म्हणालं.

मग घोंगडीवाल्याची पाळी आली. त्यानं तोंडातली काडी बाजूला केली. त्याचे ओठ हलू लागले. सुलेमानला ते वाक्य पाठ होतं. त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बाबासोचं वाक्य बाबासोशिवाय कुणी म्हणायचं? आपण म्हटलं तर तो गेला हे खरंच होऊन बसेल, असं त्याला वाटलं. घोंगडीवाला मुक्यानंच बोलत राहिला, आणि सुलेमानच्या डोळ्यांपुढं पडदा धूसर झाला.

"पाणी काय तुझ्या बापानं पाडलं व्हय रं?"

सुलेमान दचकून वळला. दाराच्या चौकटीआड, हातात ओलं भांडं घेऊन बाळाबाई उभी होती. तोच ठसका, तसंच शेवटी आवाज खाली सोडणं. इतके रविवार ओट्याशी उभ्याउभ्या तिनं सगळं ऐकलं होतं. थोरल्या दिरासमोर तिनं लग्न झाल्यापासून कधी तोंड उघडलं नव्हतं. हॉलमधल्या दोन-तीन बायांनी मागं वळून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून पुन्हा पुढं पाहू लागल्या.

मग पिक्चर चालला. व्हिलन दरडावायचा, घोंगडीवाला आतून टोला हाणायचा. लोक हसत होते. भटजींनी तर एकदा मांडीवर थाप मारली. शेवटी धुळीच्या मैदानात दोघं समोरासमोर उभे राहिले. सुलेमान रीतीप्रमाणं कण्हत मेला. घोंगडीवाल्यानं घोड्यावर मांड टाकली आणि तो एकटाच माळावर लांब लांब जाऊ लागला. इथं वाक्य नव्हतं. इथं बाबासो नेहमी गप्पच बसायचा.

"जेवून तरी जायचं हुतं," आतून आवाज आला.

तो बाबासोचा ठसका नव्हता. ते कुणाकडं बघून म्हटलेलं नव्हतं. घोडा ठिपक्याएवढा झाला, मग दिसेनासा झाला. सुलेमाननं मान खाली घातली आणि पहिल्यांदाच, त्या घरात, मोकळेपणानं रडला.

बऱ्याच वेळानं दिनानाथांनी खुर्ची मागं वळवली. त्यांचेही डोळे लाल झाले होते.

"बाबासो सांगायचा तसाच हाय पिक्चर," ते उपरण्यानं नाक पुसत म्हणाले. "पर सुलेमानभाई, त्या घोंगडीवाल्याच्या मागनं बोलत हुती, ती बाई कोण? पडद्यावर तर कुठंच आली न्हाई."

सुलेमाननं दाराकडं पाहिलं. चौकट रिकामी होती. आत भांडी घासल्याचा आवाज सुरू झाला होता.

"ती आतच असते, दादा," तो म्हणाला.

दिनानाथ जरा नाराज झाले.

"एवढं चांगलं बोलती! बाबासोनं तिचं कधी काय सांगितलंच न्हाई."